ताराबाई मोडक यांचा जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या बचत गटातल्या बायांनी माझ्यावर एक काम सोपवले. निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या आयांच्या लहान लेकरांसाठी गावात पाळणाघर काढायचे होते आणि त्याच्या अनुदानाचा अर्ज मी लिहायचा होता. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा अर्ज मलाच लिहिता येणार, असे सर्वांनी धरून चालले. गावात अंगणवाडी आहे. पण तिथे दिवसातले काही तास बसायचे ते तीन वर्षांवरच्या मुलांनी. त्याहून लहान लेकरू एक तर बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत निजते, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. मीही माझ्या धाकट्या भावाला असेच कडेवर वागवले आहे, म्हणून नाही म्हणता आले नाही.

अर्जाचा नमुना पाहिला आणि माझे अवसान गळाले. संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांचे ताळेबंद, लेखापरीक्षकाचा दाखला, संस्थेचा स्वतःचा हिस्सा! जी संस्था अजून जन्मलीच नाही तिचा तीन वर्षांचा ताळेबंद कुठून आणायचा? त्या चिडीतच मी आपल्या वाचनालयात बालशिक्षणावरची पुस्तके मागितली आणि तिथे ताराबाई मोडक भेटल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण तो कुणाच्या कष्टातून आला हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि वर्गातल्या मैत्रिणींना विचारले तर त्यांनाही नव्हते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, म्हणून मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी बी.ए. झालेल्या स्त्रिया किती असतील याची कल्पना आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसूनही करता येईल. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलगी झाली. पण तो संसार टिकला नाही. मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार नियमित, मान मोठा. एकट्या आईला याहून अधिक काय हवे असते?

ती नोकरी त्यांनी सोडली, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्राचा खरा आरंभ इथेच होतो. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे वकिली सोडून आलेले गृहस्थ १९२० पासून बालमंदिर चालवीत होते. १९२३ साली ताराबाई तिथे गेल्या. मारणे नाही, घोकंपट्टी नाही, मुलांनी हाताने करून शिकायचे, ही मॉन्टेसोरी बाईंची पद्धत त्या दोघांनी आपल्या मातीत रुजवायला घेतली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली, पुढे ती मराठीतही आली. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. मुलांची शाळा आणि शिक्षिका तयार करणारा वर्ग अशी दोन्ही कामे तिथे चालत.

मुंबईतले हे काम नावारूपाला आले होते. पण त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न होता. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने म्हणजे लाकडी दट्ट्ये, मनोरे, रंगीत पट्ट्या ठरलेल्या मापाने बनवावी लागतात आणि ती महाग असतात. गंमत अशी, की मॉन्टेसोरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले ते कष्टकऱ्यांच्या वस्तीत! तेच शिक्षण आपल्याकडे आले तेव्हा शहरातल्या सुखवस्तू घरांपुढे जाईना. १९३१ साली गांधीजी लंडनमध्ये मॉन्टेसोरी बाईंना भेटले. हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला परवडेल काय, ही त्यांची चिंता होती. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी नयी तालीमची कल्पना विस्तारली आणि सात वर्षांच्या आतली मुलेही तिच्यात घेतली. ताराबाईंनी हा प्रश्न मनावर घेतला.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी, अशी वाट चालून त्या बोरिवलीच्या एका शिबिरात आल्या होत्या आणि तिथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. ते शिबिर कस्तुरबा स्मारक निधीचे होते. खेड्यातल्या स्त्रिया व मुले यांच्यासाठी देशभरातून गोळा झालेला हा निधी. त्याच्या शिबिरातून ताराबाईंना सहकारी मिळाली. देणगीचा याहून चांगला उपयोग माझ्या वाचनात आलेला नाही.

बोर्डीत ताराबाईंनी काय केले? त्यांनी खर्चाचा एकेक रकाना पुसत आणला. महागडी साधने नकोत; समुद्रकाठचे शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले घ्या. मोजणे, लावणे, रंग ओळखणे सगळे त्यावर होते. इमारत नको. दलित वस्तीतली मुले बालवाडीकडे येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती ही! मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे काढायची, मग गाणी आणि गोष्टी. अंगण सारवलेले, सावली झाडाची. भाडे शून्य.

१९५७ साली केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांचे पाडे. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहत, म्हणून त्या धाकट्यांसाठी शाळेलाच पाळणाघर जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असे तिन्ही एकत्र चाले त्याला विकासवाडी हे नाव होते. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. कडेवर भाऊ घेऊन शाळेच्या खिडकीपाशी उभी राहणारी मुलगी कुणीतरी माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पाहिली होती.

पण एक रकाना ताराबाईंनाही पुसता आला नाही. शिंपले फुकट, अंगण फुकट. मुलांजवळ दिवसभर राहणारी बाई फुकट नव्हे. तिला घर आहे, पोट आहे, आणि तिला शिकवून तयार करावे लागते. संस्था म्हटली की देणग्या, वर्गण्या, अनुदाने यांच्यामागे फिरणे आले, आणि अशा कामाचा मोठा भार या एकाच रकान्याचा असतो. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि बालवाड्या चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना सरकारी अनुदानाची एक वाट मिळाली. तरी अनुदान म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. पुढच्या काळातल्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेतही संस्थेला दहावा हिस्सा स्वतः घालावा लागे. अर्जातला तो ‘स्वतःचा हिस्सा’ मला तेव्हा कुठे कळला.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत चालवले. ताराबाईंच्या मागे दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर चढून देशभर गेला. शब्द गेला, अंगण गेले, पण तो शेवटचा रकाना अर्धाच भरला. अंगणवाडीच्या सेविकेला आजही पगार नसतो, मानधन असते. ज्या बाईवर सगळे उभे आहे तिच्या कामाला पगार म्हणायलाही आपण कचरतो, हे मला पटत नाही.

अर्ज मी पुन्हा लिहायला घेतला. ताळेबंदाच्या जागी बचत गटाची तीन वर्षांची वही जोडली; तिच्यात पै-पैचा हिशेब आहे. साधनांसाठी आधी मोठी रक्कम मांडली होती ती काढून टाकली. आमच्याकडे समुद्र नाही, पण चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, कयाधूचे गोटे आहेत. स्वतःच्या हिश्श्यात समाजमंदिराची खोली, पाणी, आणि प्रत्येक घरची पायलीभर ज्वारी धरली. मग राहिल्या लेकरे सांभाळणाऱ्या दोघी. त्यांच्या नावापुढे नमुन्यात ‘मानधन’ छापलेले होते. ते खोडून मी ‘पगार’ लिहिले, रक्कम घातली आणि बायांना वाचून दाखवले. गटाच्या अध्यक्षा काकूंनी रक्कम दोनदा विचारून घेतली, आणि मग सही केली.