जुन्नरच्या वाटा आणि दामोदर कोसंबी

जुन्नरहून पश्चिमेला निघालेली वाट नाणेघाटाच्या तोंडाशी सह्याद्री उतरून कोकणात जाते. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे; येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची जकात त्यात पडत असे, अशी परंपरा सांगते. लगतच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. लिपितज्ज्ञ तो राजवंशासाठी वाचतात. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई आणि कार्षापणे यांचे हजारांचे आकडे त्यात कोरलेले असल्यामुळे गणिताच्या इतिहासकारालाही तो मोलाचा वाटतो. त्या वाटेने गुरे हाकणाऱ्याला या लेखाशी काही कर्तव्य नसते. पण वाट लेखाहून जुनी आहे, आणि ती प्रथम कोणी पाडली हा प्रश्न उरतोच. या तिन्ही गोष्टी एकाच अभ्यासकाच्या मेजावर याव्यात, अशी सोय विद्यापीठांच्या रचनेत नाही. लिपी एका विभागाची, आकडे दुसऱ्याचे, गुराखी तिसऱ्याचा. ही वाटणी ज्यांनी आयुष्यभर मानली नाही, आणि न मानल्याची किंमतही मोजली, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र म्हणूनच पुन्हा वाचण्यासारखे आहे.

गोव्यातील कोसबें येथे 31 जुलै 1907 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून निघालेले आणि पुढे पाली भाषेचे थोर पंडित म्हणून गाजलेले गृहस्थ. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेला गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता. शालेय शिक्षणाचा मोठा भाग तेथेच झाला. हार्वर्डमधून 1929 साली उच्च सन्मानाने पदवी घेऊन ते परतले, ते गणिताबरोबर अनेक युरोपीय भाषा घेऊन. वाराणसीच्या हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढला त्यांनी काही काळ शिकविले. अलीगढला त्यांना बोलावणारे आंद्रे वेय हे पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञ ठरले. त्यांच्याच चिथावणीने कोसंबींनी 1931 साली बुर्बाकी नावाच्या एका कल्पित गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर मुद्रेने निबंध लिहिला. पुढे फ्रान्समधील एका संपूर्ण गणिती संप्रदायाने तेच नाव धारण केले. स्वभावात मुळातच असलेली ही खोडी त्यांना पुढे नेहमीच फायद्याची ठरली असे नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते 1933 ते 1945 अशी बारा वर्षे गणिताचे अध्यापक होते. त्यांच्या विचाराची घडण झाली ती याच काळात, आणि तिची कथा मोठी उद्बोधक आहे. संख्याशास्त्र शिकावयाचे तर पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष प्रश्न सोडवीत शिकावे, असे त्यांनी ठरविले. परीक्षेत विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या गुणांचे पृथक्करण हा आरंभीचा एक प्रश्न होता. त्यातून निघालेले निष्कर्ष परीक्षापद्धतीला भूषणावह नव्हते. दुसरा प्रश्न प्राचीन आहत नाण्यांचा. या नाण्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. असतात ती केवळ ठशांची चिन्हे. तक्षशिलेस सापडलेल्या हजारावर नाण्यांच्या साठ्याचा काळक्रम लावावयाचा कसा?

कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहात फिरले की झिजते. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणून काळ लोटतो तसे सरासरी वजन घटते आणि वजनांतील फरक वाढत जातो. हे तत्त्व पारखण्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणी हजारोंच्या संख्येने तोलून पाहिली. मग जुन्या नाण्यांकडे वळल्यावर असे आढळले की, मागील बाजूस जितके अधिक बारीक ठसे, तितके वजन कमी. नाणे व्यापाऱ्यांच्या हाती पुन्हा पुन्हा पारखले गेल्याच्या त्या खुणा होत्या. इतिहासाच्या ज्या पानावर एकही अक्षर नव्हते, ते पान अशा रीतीने वाचता आले.

पण काळक्रम लागला तरी ही नाणी पाडणारे राजे कोण, हे तराजू सांगत नाही. त्यासाठी ग्रंथ पाहावे लागले, ग्रंथांसाठी संस्कृत पक्के करावे लागले, आणि ग्रंथांची हस्तलिखिते परस्परांशी जुळत नाहीत म्हणून पाठचिकित्सेत उतरावे लागले. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती 1948 साली निघाली, वा. वि. गोखले यांच्यासह संपादिलेला विद्याकराचा सुभाषितरत्नकोश 1957 साली. गणिताचा प्राध्यापक संस्कृतात कशाला शिरतो, असे कुजबुजणाऱ्यांच्या ध्यानात हे आले नाही की, ते एकाच प्रश्नामागे चालले होते आणि वाटेत लागणारी कुंपणे ओलांडत होते.

याच वर्षांत मूळ विषयातही त्यांचे काम थांबले नव्हते. आनुवंशिकतेच्या अभ्यासात गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर प्रयोगातील संकरांवरून कसे काढावे, याचे एक सूत्र त्यांनी 1944 साली प्रसिद्ध केले. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकनकाशांसाठी ते आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. भारतातील जन्मांचे प्रमाण ऋतुमानाप्रमाणे कसे बदलते, याचाही त्यांनी एका सहकाऱ्यासह अभ्यास केला. या सर्व कामाची नोंद ठेवण्यास योग्य असा एकही विभाग तेव्हा कोणत्या विद्यापीठात नव्हता.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते 1945 साली नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. नोकरी मुंबईस आणि घर पुण्यास, भांडारकर संस्थेच्या परिसरात. डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला. घरामागच्या टेकड्यांवर फिरताना त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक हत्यारे सापडू लागली. शेती येण्यापूर्वीच्या माणसांनी ती घडविली होती. हत्यारे कोठे दाट आहेत आणि कोठे मुळीच नाहीत, याची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या लक्षात आले की, त्या पट्ट्यांतून धनगरांच्या वाटा जातात, आणि त्याच वाटांवर गावाबाहेर म्हसोबा, वेताळ आणि शेंदूर फासलेले देवींचे तांदळे बसलेले आहेत. पंढरीच्या वारीचा मार्गदेखील मेंढपाळांच्या ऋतुपरत्वे होणाऱ्या स्थलांतराशी जोडलेला असावा, असा तर्क त्यांनी त्यातून मांडला.

जुन्नर या विचाराच्या केंद्रस्थानी येणे अपरिहार्य होते. गावाभोवतीच्या डोंगरांत लहानमोठी अडीचशेच्या आसपास लेणी खोदलेली आहेत: तुळजा, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री. इतकी लेणी एका गावाभोवती अन्यत्र क्वचितच आढळतील. त्यांचे दाते सगळे राजे नव्हेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा लेखांत उल्लेख आहे. करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने जमीन दिली गेली, तर वडांसाठी नऊ. इरिल, चिट, चंद असे यवन दाते आहेत. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे. जुन्या इतिहासलेखनात हे सारे धार्मिक दानशूरतेच्या सदराखाली जात असे. कोसंबींनी विचारले ते वेगळे: एवढा पैसा या डोंगरांत आला कोठून, आणि भिक्षूंनी वस्तीसाठी हीच जागा का निवडली?

त्यांचे उत्तर नकाशात होते. जुन्नर हे कोकणातील बंदरांहून घाट चढून येणाऱ्या आणि देशावर पैठणकडे पांगणाऱ्या वाटांचा चव्हाटा आहे. विहार तांड्यांच्या वाटेवर उभे राहिले. तेथे निवारा होता, पाणी होते, साठवलेले धन होते आणि मालाला गिऱ्हाईकही. परंतु भिक्षू आले तेव्हा तो चव्हाटा रिकामा नव्हता. मानमोडीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखात त्या डोंगराचे नाव मानमुकड असे येते. मानमोडी हे आज लोकांच्या तोंडी असलेले देवीचे नाव त्याचेच रूप, असे कोसंबींनी दाखविले. लेणी कोरणारे गेले, त्यांचा धर्म या भागातून लोपला, लेखांची लिपी वाचणारा शेकडो वर्षे कोणी उरला नाही. नाव मात्र निरक्षर शेतकऱ्याने सुमारे दोन हजार वर्षे सांभाळले. मृच्छकटिकाच्या पहिल्या अंकात चारुदत्त मातृदेवतांसाठी चव्हाट्यावर बळी ठेवावयास का सांगतो, या प्रश्नापासून त्यांनी आपल्या एका प्रसिद्ध निबंधाचा आरंभ केला आणि त्याचा माग ते अशाच डोंगरवाटांवर काढीत गेले. तो निबंध 1962 च्या त्यांच्या ग्रंथात आहे. नाटकातील ओळीचा अर्थ टीकाकाराच्या पोथीत सापडला नाही, तर तो देवीला नैवेद्य ठेवणाऱ्या बाईला विचारावा, ही पंडिती परंपरेला न झेपणारी गोष्ट होती.

त्यांचे प्रत्येक अनुमान मान्य करण्याचे कारण नाही. नाव टिकले म्हणून उपासनाही अखंड टिकली, असे सिद्ध होत नाही. देवता स्थलांतर करतात, जुन्या जागी नव्या येऊन बसतात. लेण्याद्रीच्या विहारातच गिरिजात्मज गणपती विराजमान आहे, आणि तो तेथे आला तो लेणी ओस पडल्यानंतर पुष्कळ काळाने. दगडी हत्यारे आणि आजची धनगरवाट यांच्यामध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे, ते केवळ नकाशावरच्या रेषेने भरून निघत नाही. कोसंबींची लेखणी खात्रीने चाले, क्वचित गरजेपेक्षा अधिक खात्रीने. पण त्यांचे अनुमान खोडावयाचे तरी त्याच डोंगरावर चढावे लागते; ग्रंथालयात बसून ते खोडता येत नाही.

संस्थेत मात्र दिवस पालटत होते. अणुशक्तीवर देशाची सारी भिस्त ठेवण्यापेक्षा उन्हाने समृद्ध असलेल्या या देशाने सौरशक्तीवर संशोधन करावे, असे ते पन्नाशीच्या दशकात जाहीरपणे सांगू लागले; आणि ते ज्या संस्थेत होते, तिचे संचालकच अणुशक्ती कार्यक्रमाचे धुरीण होते. जागतिक शांतता चळवळीतील त्यांचा सहभाग आणि मार्क्सवादी मते हीदेखील गैरसोयीची होती. त्यातच रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपल्याला सापडली असे मानून त्यांनी 1959 साली एक निबंध छापला, तोही शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही आणि गणितवर्तुळातील त्यांची पत ढासळली. सारा दोष संस्थेचा आणि कोसंबी केवळ बळी, असे चित्र म्हणूनच अपुरे ठरेल. तथापि 1962 साली त्यांचा करार वाढविला गेला नाही, तेव्हा ते निव्वळ गणितापलीकडे काय करीत होते, याचे मोल कोणत्याही मापात धरले गेले नाही, हेही तितकेच खरे. ज्यांचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील 1956 चे पुस्तक पुढील पिढीच्या इतिहासकारांना वळण लावणार होते, त्यांना इतिहासाचे अध्यासन कोणत्याही विद्यापीठाने दिले नव्हते.

भाषाशास्त्र, पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एकत्र उपयोग केल्यावाचून भारतविद्या पुढे जाणार नाही, असे प्रतिपादन करणारा निबंध त्यांनी 1963 साली लिहिला. पुढील वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आश्रय दिला. 1965 साली प्राचीन भारतीय संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ आला आणि 29 जून 1966 च्या पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास महिना उणा होता. विज्ञान आणि समाज यांच्या परस्परसंबंधावरील कार्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 1980 साली त्यांना मरणोत्तर पुरस्कार दिला.

त्यानंतरच्या काळात जुन्नर तालुक्यावर विज्ञानाची दृष्टी चांगलीच वळली. कुकडीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारेही. त्या राखेचे वय प्रथम सुमारे चौदा लाख वर्षे सांगितले गेले. पुढे अनेकांनी ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. हा वाद भूशास्त्रज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांना एका जागी बसवूनच लढविता आला. खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. ती उभारणारी संस्था तीच, जिने 1962 साली कोसंबींना निरोप दिला होता. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातील क्षीण लहरी आता या माळावर टिपल्या जातात.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ आंबेगाव पाण्याखाली गेले. त्याच्यासोबत खोऱ्यातील पायवाटा गेल्या, नदीकाठची थडी गेली, महादेव कोळ्यांची भातखाचरे गेली. उरलेले लोक काठावर सरकले आणि पूर्वीप्रमाणे हिरडा गोळा करू लागले. जुन्या गावाबाहेर कोणते देव कोणत्या वाटेवर होते, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी आहेत आणि वृद्ध आहेत. घाटमाथ्यावरच्या वाड्यांत ती अजून भेटतात.