देवीचा कोप मोडणारा जेन्नर

ज्या रोगाने आमच्या आज्या-पणज्यांच्या चेहऱ्यावर वण ठेवले, त्या रोगालाच महाराष्ट्राने 'देवी' म्हटले. पोर तापले की देवी आल्या म्हणायचे, नवस बोलायचा आणि पोर गेले की देवीने नेले म्हणून गप्प बसायचे. ही मानसिक गुलामी मोडण्याचा मार्ग दाखवणारा माणूस इंग्लंडमधील बर्कले गावचा. नाव एडवर्ड जेन्नर.

१७ मे १७४९ रोजी पाद्र्याच्या घरी जन्मलेला जेन्नर पाचव्या वर्षीच पोरका झाला. शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून तो लंडनला जॉन हंटर यांच्याकडे शिकला आणि गावी परतला. धार काढणाऱ्या बायांना गाईच्या देवी होऊन गेल्या की मोठ्या देवी येत नाहीत, हे तिथल्या कष्टकऱ्यांना ठाऊक होते. जेन्नरने ते अडाण्यांचे बोलणे म्हणून झटकले नाही, तपासले.

१४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील लस त्याने माळ्याचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स फिप्स याला टोचली. जुलैत खऱ्या देवीचा पू टोचला. रोग झाला नाही. वकील म्हणून आम्ही इथे थांबतो. प्रयोगाला पोर निवडले ते माळ्याचे, जमीनदाराचे नव्हे. आजचा कायदा हे चालू देणार नाही.

रॉयल सोसायटीने निबंध नाकारला, तेव्हा १७९८ मध्ये जेन्नरने स्वखर्चाने पुस्तक काढले. बागेतल्या झोपडीत तो गोरगरिबांना फुकट लस टोचत असे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली; हिंदुस्थानातील ही पहिली. त्या काळी एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात लस जाई. उच्चवर्णीयांनी हरकत घेतली, की अस्पृश्याच्या पोराची लस नको! मरण चालेल, पण विटाळ नको, ही ती संस्कृती!

जेन्नर २६ जानेवारी १८२३ रोजी वारला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवीरोग जगातून संपल्याचे जाहीर केले. तो नवसाने नव्हे, लसीने संपला.

तथागतांनी कालामांना परंपरेवर नव्हे, पारखून घेतलेल्या सत्यावर विसंबायला शिकवले. संविधानाचे कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानते. म्हणून जेन्नरला अभिवादन करताना सारा, जेम्स आणि अ‍ॅना यांनाही विसरू नका. आणि आपले पोर तापले तर देवऋषाकडे नव्हे, दवाखान्यात न्या.

जय भीम!