शहरांचा वैद्य : पॅट्रिक गेडेस

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला, की मागची विहीर बुजवायची सूचना हमखास येते. अशा वेळी मला पॅट्रिक गेडेस आठवतात.

गेडेस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी गेली आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. पुढे दृष्टी परत आली, पण मायक्रोस्कोपचे काम सुटले ते सुटलेच. मग ते शहराकडेच सजीव म्हणून पाहू लागले. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर पत्नीसह एडिनबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून घरे दुरुस्त केली, रिकाम्या कोपऱ्यांत बागा फुलवल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. नगररचनेच्या प्रदर्शनाचे त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौकेने बुडवले. १९१७ मध्ये मुलगा महायुद्धात गेला, त्याच वर्षी पत्नीही कोलकात्यात वारली. तरी माणूस कामाला लागलेलाच.

त्या काळी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखायचा आणि आड येणारी घरे पाडायची, अशी पद्धत होती. गेडेस आधी गल्लीबोळ पायी हिंडत. अगदी पडके झालेले घर तेवढे काढा, त्या जागी झाड लावा, बाकीचे सांभाळा, असा त्यांचा सल्ला असे. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवले जात. ते म्हणत, तलाव स्वच्छ ठेवा, मासे सोडा, ते अळ्या खातील.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगचा धुमाकूळ होता. गेडेस यांनी जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक जास्तीत जास्त घरे साफसूफ झालेल्या भागातून जाईल. झाले, गावभर चढाओढ लागली! मिरवणुकीत सफाई कामगार मानाने चालले, रोगाचे प्रतीक म्हणून भलाथोरला उंदीर होता आणि घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले डॉ. गो. स. घुर्ये परदेशी शिकायला गेले, ते त्यांच्याच शिफारशीने. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

आता पंचवीस वर्षांनंतर आपल्याकडे रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू आहे. माझा विरोध नाही, वयोमानाने लिफ्ट मलाही हवीच आहे. फक्त सही करण्यापूर्वी सर्वांनी एकदा आवारात फेरी मारावी. विहीर कामाची आहे का, कुठली झाडे वाचतील, हे नकाशात नव्हे, डोळ्यांनी पाहावे. एवढीच विनंती.