भास्कराचार्य

पिकलेला आंबा देठापासून सुटला की जमिनीवर पडतो. वर भिरकावलेला दगडही पुन्हा खालीच येतो. हे नित्याचे दृश्य पाहून सहसा कोणी विचारात पडत नाही. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरात जन्मलेल्या एका थोर गणितज्ञाने त्याचा खोल विचार केला. ते गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. त्यांचे वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते. तेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ सिद्धीस नेला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात.

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर टेकली आहे, अशी त्या काळी लोकांची श्रद्धा होती. गोलाध्यायात आचार्यांनी या विषयाची निर्भयपणे चिकित्सा केली. पृथ्वीला आधार हवा, तर त्या आधारालाही दुसरा आधार नको काय? आणि शेवटचा आधार जर स्वतःच्या शक्तीने राहतो, तर पृथ्वीच तशी का राहणार नाही? त्यांच्या मते पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तूस ती आपल्याकडे ओढते, आणि ती वस्तू पडली असे आपणांस वाटते. स्वतः पृथ्वीच्या भोवती तर सर्व बाजूंस आकाश सारखेच. मग तिने पडावे तरी कोठे?

पृथ्वी वस्तूंना ओढते, हा विचार पूर्वी ब्रह्मगुप्तानेही मांडला होता. आचार्यांनी त्याला तर्काची जोड दिली. मात्र पृथ्वी स्थिर आहे असेच ते मानीत, आणि पडणाऱ्या वस्तूचा वेग त्यांनी मोजला नव्हता. ते कार्य सतराव्या शतकात इटलीतील गॅलिलिओने प्रयोगांनी केले. पुढे इ. स. १६८७ मध्ये इंग्लंडच्या न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम गणिताने सिद्ध केला.

आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख ही हकिकत सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

ज्ञानाची इमारत अशी पिढ्यान्‌पिढ्या चढत जाते. परंतु तिचा पाया, सर्वांनी मानलेल्या गोष्टीलाही नम्रपणे कारण विचारणाऱ्या माणसांनीच घातलेला असतो.