धोबिणींच्या पैशांची राखणदार

बँक चांगली की वाईट, हे कशावरून ओळखायचं? चकाचक ऑफिसवरून? ठेवींच्या मोठ्या आकड्यावरून? अमेरिकेतल्या मॅगी लीना वॉकर यांना या प्रश्नाचं उत्तर शोधावंच लागलं, कारण त्यांच्या बँकेत पैसे ठेवणाऱ्यांत परक्यांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या बायकाही होत्या.

मॅगी स्वतः अशाच एका आईची मुलगी. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात, गुलामगिरी संपता संपता तिचा जन्म झाला. सावत्र वडिलांच्या माघारी आई कपडे धुवायची आणि मॅगी ते घरोघरी पोचवायची. शिकून ती शाळेत शिक्षिका झाली. पण लग्न झाल्यावर, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, नोकरी सुटली.

पोरवयातच ती ‘सेंट ल्यूक’ नावाच्या मंडळाची सभासद झाली होती. सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी भरायची, कुणी आजारी पडलं किंवा गेलं तर त्यातून मदत करायची, असं ते कृष्णवर्णीयांचं मंडळ. १८९९ मध्ये कारभार मॅगीबाईंच्या हाती आला, तेव्हा तिजोरीत होते जेमतेम ३१ डॉलर आणि देणं होतं ४०० डॉलरच्या घरात! बाईंनी गावोगाव फिरून सभासद वाढवले, वर्तमानपत्र काढलं. मग ठरवलं, आपल्या लोकांची बँक काढायची. त्यासाठी शहरातल्या एका गोऱ्यांच्या बँकेत बसून कामकाज शिकून घेतलं.

२ नोव्हेंबर १९०३ ला ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. पहिल्याच दिवशी नऊ हजार डॉलरहून जास्त रक्कम जमली. कुणी तर डॉलरही पुरा न भरता खातं उघडलं. अमेरिकेत बँक स्थापून तिची अध्यक्ष झालेली पहिली स्त्री म्हणून मॅगीबाईंचं नाव घेतलं जातं.

खरी परीक्षा पुढेच होती. १९१० मध्ये रिचमंडमधलीच ‘ट्रू रिफॉर्मर्स’ मंडळाची बँक बुडाली. तीही कृष्णवर्णीयांची, मोठ्या नावाची. बँकेने आपल्याच मंडळाच्या उद्योगांना तारणाशिवाय भरमसाट कर्जं दिली होती, वर रोखपालाने अफरातफर केली. तेव्हा ठेवींना सरकारी विम्याचं संरक्षण नव्हतं. पैसे गेले ते गेलेच.

मग राज्याने बँकांची तपासणी कडक केली आणि मंडळ व बँक यांचा संसार वेगळा करायला लावला. मॅगीबाईंची बँकही मंडळाच्याच पोटातून जन्मलेली. पण बाईंनी बँक मंडळापासून वेगळी केली, हिशेब तपासनिसांपुढे ठेवले. मंडळाचं कापडचोपडाचं मोठं दुकान तोट्यात होतं, तेही बंद झालं. ते त्यांचं लाडकं स्वप्न होतं. पण स्वप्नासाठी ठेवीदारांचा पैसा जाळायचा नसतो.

बँकेची कर्जं मुख्यतः कुठे गेली, तर लोकांच्या घरांना. १९२० पर्यंत सहाशेहून जास्त कुटुंबांना या बँकेच्या आधाराने स्वतःचं घर घेता आलं. कर्ज घेणारा ओळखीचा, घर डोळ्यासमोर.

मंदीची चाहूल लागली तशी त्यांनी १९३० च्या सुमारास शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या आणखी दोन बँकांशी विलीनीकरण घडवून आणलं. तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीवर होत्या. तरी नव्या बँकेच्या संचालक मंडळाचं अध्यक्षपद त्यांनीच सांभाळलं. देशभर हजारो बँका बुडाल्या, ही टिकली. मॅगीबाई १९३४ मध्ये गेल्या. बँक एकविसावं शतकही पाहून गेली.

तर मंडळी, ठेवी किती जमल्या हे फक्त लोकांचा विश्वास सांगतं. बँकेची तब्येत कळते ती दुसऱ्या बाजूने: कर्ज कुणाला दिलं, तारण काय घेतलं, थकलंय किती आणि संचालकांच्या आपल्या माणसांकडे किती गेलं. आपल्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला की रद्दीत टाकण्याआधी ही चार उत्तरं शोधा!