लिओनार्ड ऑयलर : न पाहता केलेला २१४ कोटींचा हिशेब



मूळ संख्या शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, एवढी मोठी संख्या मूळ आहे हे कळतं कसं?" त्यासाठी ऑयलर यांची गोष्ट सांगावी.

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तेच व्हावं अशी त्यांची इच्छा होती. पण योहान बर्नुली यांनी मुलाची गणितातली झेप ओळखली आणि वडिलांची समजूत घातली. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गला गेले. १७३८ मध्ये त्यांचा उजवा डोळा गेला. १७४१ ते १७६६ बर्लिनमध्ये काम करून ते परत रशियात आले. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण नंतर जवळजवळ काहीच दिसेना. त्याच वर्षी राहतं घरही आगीत जळालं.

आपण इथे हात टेकले असते. ऑयलर मात्र डोक्यात हिशेब करत आणि मुलांकडून, सहायकांकडून लिहून घेत.

१७७२ सालच्या एका पत्रात त्यांनी कळवलं, की २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. मेर्सेन यांनी १६४४ मध्येच ती आपल्या यादीत घेतली होती, पण सिद्धता दिली नव्हती.

तपासायचं कसं? संख्येच्या वर्गमुळापर्यंतचे, म्हणजे ४६,३४० पर्यंतचे विभाजक पाहिले की पुरतं. तरी ते हजारो होतात! ऑयलर यांनी ओळखलं, की या संख्येला मूळ विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा संख्या उरल्या फक्त ३७२. त्यातल्याही मूळ तेवढ्याच तपासायच्या. एकानेही भाग गेला नाही!

पुढे अनेक वर्षं यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही. आज संगणकात ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल किंमत हीच आहे.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर गेले. शेवटच्या दिवसापर्यंत गणित चालूच होतं.

वर्गात करून पाहा : २ चा ७ वा घात वजा १ = १२७. वर्गमूळ ११ च्या थोडं पुढे. म्हणून २, ३, ५, ७, ११ नेच भागून पाहायचं. मूळ ठरते. मग ११ वा घात घ्या : २०४७. मुलं घाईने "मूळ!" म्हणतील. पण २३ × ८९ = २०४७!

माझ्या वर्गात एका मुलीला फळ्यावरचं नीट दिसत नाही. पूर्वी मी तिला गणितात थोडी सूट द्यायचो. ही गोष्ट वाचल्यापासून सूट बंद केली. आता उदाहरण मोठ्याने वाचतो. तोंडी उत्तर बहुतेक वेळा तिचंच पहिलं येतं.