रंग चुकले, नांगर जमला!

संध्याकाळी क्रांती चौकात सिग्नलला थांबलात की आजूबाजूच्या गाड्या जरा नीट बघा. कुणी हँडलला रबरबँडने मोबाइल बांधलेला असतो, तर कुणी दुधाच्या कॅनसाठी लोखंडी हूक वाकवून घेतलेला. आपण ‘काय जुगाड आहे!’ म्हणून हसतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. पण अशाच रोजच्या अडचणींकडे बघत राहिलेल्या एका माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा जन्म, तारीख २० जून १८६९.

त्यांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि तिथे कळलं, की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. झालं, करिअर संपलं? नाही. रंग नसलेलं एक चित्र असतं, यंत्राचं ड्रॉइंग. ते शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवूही लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं.

इंजिनिअरिंगची डिग्री नाही, हाताशी मोठं भांडवल नाही. मग बनवायचं काय? त्यांनी शेतकऱ्याच्या दारात बघितलं. तुमच्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांना माहीत आहे, अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खातं आणि जाड धांडं तसंच ठेवतं. बारीक कुट्टी केली तर सगळं पोटात जातं. म्हणून आधी आलं कडबा कापायचं यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ माती कापतो आणि मागचा वळणदार पत्रा ती उलटी करून टाकतो, त्यामुळे तणाची मुळं उन्हात पडतात. म्हणजे वस्तू सरसच होती. तरी पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली! लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण एक पीक बुडालं तर वर्षभर खायचं काय, हा प्रश्न त्यांचा होता. बनवणाऱ्याचा फक्त माल पडून राहणार होता; वापरणाऱ्याचं घर पणाला लागणार होतं. डिझाइनचा पहिला धडा हाच असावा. वस्तू चालते हे कागदावर दाखवून भागत नाही, वापरणाऱ्याची भीती जायला लागते.

ती हळूहळू गेली. धंदा जरा उभा राहतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज देऊ केलं. जमीन कसली, निवडुंग आणि नाग! तिथेच १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. शंभराव्या जयंतीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आता आपल्याकडे येऊ. सेमिस्टरच्या शेवटी आपण प्रोजेक्ट करतो, मार्क घेतो आणि मॉडेल कपाटावर टाकतो. ते ज्याच्यासाठी बनवलं, त्याच्या हातात किती वेळा दिलं? माझं उत्तर ‘एकदाही नाही’ असं आहे. तुमचं?

पुढच्या वेळी चौकात तो वाकवलेला हूक दिसला, तर हसण्याआधी त्या दूधवाल्या काकांना विचारा, ‘हा असाच का वाकवला?’ सिग्नल सुटायच्या आत एखादा लेक्चर मिळून जाईल.